वाचून दाखविले, मग अंगठा

पृथ्वीच्या पाठीवर 'मला मान्य आहे' या बटणावर बोट ठेवण्याआधी त्याच्या वरचा सगळा मजकूर वाचणारा एकच मनुष्य आज हयात आहे, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा हे माझ्या पत्रिकेतच असणार. ज्या वकिलांनी त्या अटी लिहिल्या त्यांनीसुद्धा त्या सलग वाचल्या नसाव्यात. एकाने वरचा भाग लिहिला असेल, दुसऱ्याने खालचा, आणि मधला कुठल्यातरी जुन्या कागदावरून उतरवून घेतला असेल. आमच्या साडूंनी मात्र वाचल्या. मांडी घालून, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश, लाल पेन्सिल आणि तांब्याभर पाणी घेऊन वाचल्या. फोनला समास नसतो, म्हणून आधी त्या फुलस्केप कागदावर हाताने उतरवल्या, आणि मग समासात हरकती नोंदवल्या: 'कलम सात. यातील "आम्ही" म्हणजे नेमके किती इसम, याचा खुलासा व्हावा.' या वाचनाला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष साडूंच्या पत्नी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणी अक्का, फोनवर नातीचं तोंड दिसायची वाट बघत बसल्या होत्या. त्यामुळे या माणसाला हसावं की त्याच्यावर चिडावं हे मला बराच काळ ठरवता आलं नाही, आणि मी सोयीचं म्हणून हसत राहिलो.

साडू मानवतला राहतात. उभी नोकरी त्यांनी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केली. जबाबाच्या, पंचनाम्याच्या, दस्ताच्या तळाशी एक ओळ असते: 'वाचून दाखविले, बरोबर आहे.' इतर कारकुनांच्या लेखी ती ओळ म्हणजे कागदाची नक्षी. साडूंच्या लेखी ते काम होतं. समोर अंगठा लावणारा माणूस बसला की ते कागद पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचत, आणि दर वाक्याला त्याने 'हं' म्हटल्याशिवाय पुढच्या वाक्याला हात घालत नसत. एकदा एक म्हातारा ऐकता ऐकता बाकावरच डुलक्या घेऊ लागला. साडूंनी त्याला उठवून पाणी पाजलं आणि कागद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. मागे रांगेत उभा असलेला एक जण वैतागून म्हणाला, "भाऊसाहेब, आमची बस जायलीय." साडू चष्म्यावरून बघत म्हणाले, "बस पुन्हा येती. अंगठा पुन्हा येत न्हाई." अशा माणसाला कुठलाही साहेब वर्षभराच्या वर ठेवून घेत नसे. त्यामुळे साडूंनी जिल्हा जितका पाहिला तितका जिल्हाधिकाऱ्यांनीही पाहिला नसेल.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, साडू तंत्रज्ञानाला लागले. म्हणजे यंत्राला हात लावला असं नव्हे. त्यांच्याजवळ बटणांचा जुना फोन, त्यावर ते फक्त 'हॅलो' आणि 'ठेवतो' एवढंच बोलत. पण वर्तमानपत्राचं तंत्रज्ञानाचं पान ते रोज दोनदा वाचत, कात्रणं फायलीला लावत आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांवर ताशेरे ओढत. कुठल्याशा कंपनीच्या एका चुकलेल्या दुरुस्तीमुळे देशोदेशीचे संगणक एकाच दिवशी मान टाकून बसले, तेव्हा अख्खं जग हळहळलं. साडू म्हणाले, "नक्कल करून मूळ कागदाशी ताडून बघितली न्हाई. पहिल्या महिन्याचा कारकून बी ही चूक करत न्हाई." एका कंपनीने हजारो माणसांना एका ईमेलवर घरी पाठवलं, तर यांचं मत असं की आपल्याकडे साधा शिपाई काढायचा तर चौकशी लागते, आणि चौकशी पुरी होईस्तोवर तो शिपाई मानाने निवृत्त होऊन नारळ घेऊन जातो, याला म्हणतात सुसंस्कृत कारभार. कृत्रिम बुद्धिमत्तेला माहीत नसलं तरी ती ठामपणे उत्तर देते, ही बातमी मी त्यांना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवली. ते जराही चकित झाले नाहीत. "त्यात नवीन काय? आमचे एक साहेब तसेच होते. त्यांना तर वीज बी लागत न्हवती."

त्यांचं डोकं अजून महसुली होतं, ही खरी गंमत. लोकांचे फोटो कंपन्यांच्या ढगात साठवतात असं कळल्यावर त्यांनी मला शांतपणे विचारलं, "त्या ढगाचा सातबारा कोणाच्या नावावर हाय?" इंटरनेट कुणाच्या मालकीचं नसून बऱ्याच संस्था मिळून त्याचा कारभार बघतात, हे मी त्यांना तासभर समजावून दिलं. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "म्हणजे गायरान. गायरानावर पहिला गोठा कोण घालतो ते मला चांगलं ठाऊक हाय." पुढे काय झालं ते जगजाहीर आहे. कुठल्याशा परप्रांतात सरकारने इंटरनेट बंद केलं आणि तो हुकूम इंटरनेटवरच प्रसिद्ध केला, ही बातमी त्यांनी कापून, चौकट आखून देवघराच्या बाजूला लावली होती. रोज देवाला नमस्कार झाला की तिच्याकडे बघून हसत.

आधार केंद्राशेजारच्या दुकानात एकदा कसलासा अर्ज भरताना संगणकाने त्यांना 'मी यंत्रमानव नाही' या चौकोनात खूण करायला सांगितलं. साडूंनी माऊसवरचा हात उचलला. "अर्जदारानंच स्वतःला माणूस म्हणायचं? साक्षीदार कोण?" दुकानदार म्हणाला, "काका, नुसती टिक करा." टिक केली, तर संगणकाने नऊ चित्रं दाखवून त्यातले वाहतुकीचे सिग्नल ओळखा म्हणून सांगितलं. साडू उठून उभे राहिले. "ज्याच्या गल्लीत सिग्नल न्हाई तो माणूस न्हाई का?" असं विचारून ते अर्ज न भरताच घरी आले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. कंपनीच्या परदेशातल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं: चित्रांत बैलगाडी, पाणंद आणि कापसाची गंजीही घ्यावी, जेणेकरून ग्रामीण इसमांस माणूस ठरण्याची समान संधी मिळेल. पत्रावर उत्तरासाठी माझा ईमेल दिला होता. काही दिवसांनी मला यंत्राने लिहिलेलं एक उत्तर आलं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी ते छापून नेऊन दिलं. साडूंनी त्यावर आवक क्रमांक एक टाकला आणि म्हणाले, "बघा. दखल घेतली."

पण त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे नोटीस. जमिनीच्या कागदात नाव बदलायचं असलं की चावडीवर नोटीस डकवतात आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस देतात. मग कोट्यवधी लोकांच्या फोनमधल्या अटी बदलताना कंपन्या चावडीवर नोटीस का लावत नाहीत, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. कंपन्या लावत नाहीत म्हटल्यावर साडू लावू लागले. बसस्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात, भज्यांच्या परातीच्या वर, सुवाच्य अक्षरात कागद डकवलेला असे: 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, संदेश पाठविण्याच्या अमुक ॲपने आपल्या अटींत खालीलप्रमाणे फेरफार केला आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत निम्नस्वाक्षरीकाराकडे लेखी द्यावी.' लोक हसतील असं मला वाटलं होतं. लोकांनी हरकती दिल्या! ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईने येऊन सांगितलं, "आमी सहा महिने कारखान्यावर असताव. तवा नोटीस लागली तर आमाला कोण सांगल?" साडूंनी ती हरकत शब्दशः लिहून घेतली, तिला वाचून दाखवली, तिचा अंगठा घेतला आणि परदेशात पाठवून दिली. महासत्तांच्या राजधान्यांत इंटरनेटच्या कारभारावर परिषदा भरतात म्हणे. या बाईइतका मुद्द्याचा प्रश्न तिथे कुणी विचारला असेल तर मला कळवा.

मी परभणीत शाळामास्तर. चारचौघांत मला शहाणा समजतात. साडूंकडे गेलो की माझी उलटतपासणी होई. एकदा भर पाहुण्यांत त्यांनी माझा फोन मागितला आणि त्यातलं बॅटरीसारखा उजेड पाडणारं एक ॲप उघडायला लावलं. मी त्याला काय काय परवानग्या दिल्या होत्या ते मला तिथेच मोठ्याने वाचावं लागलं. माझं ठिकाण, माझे फोटो, माझ्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर. "साडूभाऊ," ते अगदी मायेने म्हणाले, "उजेड पाडायला त्याला तुमच्या मेहुणीचा नंबर कामून लागतो?" पाहुणे हसले. मी म्हणालो, सगळेच देतात, कोण वाचत बसतो? तेव्हा ते जे बोलले ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. "आपल्या बापजाद्यांना वाचता येत न्हवतं म्हणून त्येंनी अंगठा लावला. तुमाला वाचता येतंय. तुमी दुसऱ्याला वाचायला शिकवायलात. आन् तरी तुमी अंगठाच लावायलात." मी फोन खिशात घातला आणि चहाची चौकशी केली.

आता दीड वर्षाची हकीकत. साडूंची एकुलती मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. जाताना तिने आईवडिलांसाठी नवा, मोठ्या पडद्याचा फोन आणला. सगळं जोडून दिलं, समोरासमोर बोलायचं ॲप टाकलं, आणि शेवटच्या पानावर 'मान्य' म्हणून बोट टेकवणार तोच बापाने तिचा हात वरच्या वर धरला. "फोन माझा, कबुली बी माझी. वाचू दे." मुलगी हसून म्हणाली, "बरं बाबा, वाचा." बापाला ती ओळखत होती, पण इंग्रजी कायद्याच्या लांबीची तिला कल्पना नव्हती. ती गेली, तिकडे तिला मुलगी झाली, आणि इकडे साडू कलम तीनवर होते. मराठी भाषांतर निवडून पाहिलं, तर ते मराठी यंत्राने केलेलं; 'हे इंग्रजीपेक्षा अवघड हाय' असा शेरा मारून ते मुळाकडे परतले. नातीला दात आला तेव्हा ते कलम अकरावर पोचले होते. तेवढ्यात फोनवर टिंग वाजलं: आम्ही आमच्या अटी अद्ययावत केल्या आहेत. साडूंनी उतरवलेले सगळे कागद सुतळीने बांधून कपाटात ठेवले आणि कोरा कागद पुढे ओढला. नात रांगू लागली तेव्हा दुसऱ्यांदा टिंग वाजलं.

मुलगी टपालाने कागदी फोटो पाठवत असे. अक्का ते देवाच्या फळीवर ठेवत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवताना पदराने पुसत. माझी बायको चिडून म्हणायची, अक्का, आमच्या फोनवर बघ की नातीला, आत्ता लावून देते! अक्का मान हलवत. "न्हाई गं. त्येंचं वाचून होऊ दे." मला वाटायचं, नवऱ्याला भितात बिचाऱ्या. तसं मी बायकोला बोलूनही दाखवलं.

मग एका शनिवारी साडूंचा त्यांच्या जुन्या फोनवरून फोन आला. "साडूभाऊ, वाचन संपलं. उद्या मंजुरी द्यायची हाय. पंच म्हणून दोघंबी या." आम्ही सकाळची एसटी धरली. मी रस्ताभर साडूंची नक्कल करत होतो. एरवी हसणारी बायको खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यांना हसू नका. वाचून दाखवायचा तो नेम त्यांचा नाही, अक्काचा आहे." आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नसलेली गोष्ट तिने सांगितली. माझ्या सासऱ्यांचं नदीकाठी एक शेत होतं. त्यांच्या एका भाऊबंदाने 'नुसता नावाच्या दुरुस्तीचा कागद आहे, दादा' म्हणून त्यांचा अंगठा घेतला, आणि पुढच्या हंगामात त्या शेतात त्याची तिफण चालली. कागद कुणी वाचून दाखवला नव्हता. ही त्या वेळी पाळण्यात. अक्का मोठ्या, त्यांनी बापाला बांधावर बसून आपल्याच अंगठ्याकडे बघताना पाहिलं होतं. लग्नानंतर नवरा कारकून आहे म्हटल्यावर त्यांनी त्याच्याकडे एकच मागितलं. दागिना नाही, लुगडं नाही. "तुमच्या हातून कोणाचा बी अंगठा वाचून दाखवल्याबिगर घेऊ नका." साडूंनी त्यापायी बढती घालवली, बदल्या सोसल्या, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, आणि कुणाला कारण सांगितलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, हे कबूल करतो.

घरी पोचलो तर पुरणाचा वास दरवळत होता. अक्का नवं लुगडं नेसल्या होत्या. फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला होता, आणि मुलगी ठरल्या वेळी तिकडे लेकीला घेऊन बसली होती. साडूंनी आम्हाला दोन पाटांवर बसवलं, पंचांचे कागद दिले, चष्मा पुसला, शेवटचं कलम मोठ्याने वाचलं. अक्का 'हं' म्हणाल्या. साडूंनी ॲप उघडलं आणि टिंग वाजलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मजकूर तोच होता: आम्ही आमच्या अटी अद्ययावत केल्या आहेत.

पुरणपोळी तव्यावर करपली तरी कुणी उठेना. शेवटी अक्कांनी विचारलं, "किती राहिलं?"

"पयल्यापासून," साडू म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

अक्का उठून फोनपुढे येऊन बसल्या. "कुठं लावायचा अंगठा?"

"अगं, पण वाचून दाखवल्याबिगर—"

"माझ्या बापानं न वाचता लावला, शेत गेलं. आता मी न वाचता लावते. एका अंगठ्यानं गेलं, एका अंगठ्यानं नात तरी येऊ द्या." मग म्हणाल्या, "माझी अट मीच सोडते. तुमी लय पाळली."

त्यांचा अंगठा पुरणाने माखलेला, त्यामुळे पडदा तो ओळखेना. साडूंनी त्यांच्याच पदराने तो पुसला. मग जन्मभर ज्या हाताने परक्यांचे अंगठे धरले त्या हाताने त्यांनी अक्कांचा अंगठा धरला, डावीकडून उजवीकडे जरा फिरवत, शाईचा ठसा उमटवावा तसा, आणि 'मान्य' या शब्दावर टेकवला. पडद्यावर मुलगी दिसली, आणि तिच्या मांडीवर दोन शेंड्या बांधलेली एक चिमुरडी डोळे विस्फारून आमच्याकडे बघत होती. अक्का नुसत्या पडद्यावरून पदर फिरवू लागल्या, फोटो पुसावा तसा.

साडू मात्र आतून कोरे कागद घेऊन आले. अंगठा लागला तरी वाचून दाखवणं चुकत नाही, मागून का होईना. तेव्हापासून रोज सकाळी, तिकडे नातीच्या झोपेची वेळ असते तेव्हा, अक्का फोन डब्याला टेकवतात आणि साडू शेजारी बसून त्यांना नव्या अटी मराठीत सांगतात: मग त्या कंपनीनं काय म्हटलं, की तुमी आमाला हे द्या, आमी तुमाला ते देऊ. दर वाक्याला अक्का 'हं' म्हणतात. थोड्याच दिवसांत पलीकडूनही 'हं' येऊ लागलं. आजोबा गोष्ट सांगतायत असं तिला वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या कलमाला ती झोपते, आणि साडू पुढचं वाचत नाहीत. झोपेत ऐकलेलं ते ऐकलं धरत नाहीत.

गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा शेवटची दोनच पानं उरली होती आणि साडू उगीचच सावकाश वाचत होते. परवा त्यांचा फोन आला. आता माझ्याशीही ते त्या मोठ्या फोनवरूनच बोलतात, कपाळ तेवढं दिसतं. म्हणाले, "साडूभाऊ, कंपनीनं पुन्हा अटी बदलल्या." मी म्हणालो, अरेरे. मग ते कपाळ जरा हललं.

"न्हाई, बरं झालं," ते म्हणाले. "संपल्यावर नातीला काय सांगायचं, हा मला घोर लागला होता."